इल्ली सही माडी

२०१७ च्या जुलैतली गोष्ट. माझी मावसबहीण खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या एका खेड्यात राहते. तिचा आठ वर्षांचा पोरगा पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला, दोनदा ओकला. सात वाजेपर्यंत त्याच्या पापण्या मिटायला लागल्या आणि आवाज नाकातून यायला लागला. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. मण्यारीचं असंच असतं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा डास चावल्याएवढीही खूण मागं ठेवत नाही. ओढ्याला पाणी आलेलं, गाडी मिळेपर्यंत तास गेला. त्या तासात आजोबांनी देवापुढचा अंगारा नातवाच्या कपाळाला लावला. दुसरं त्यांच्या हातात होतं तरी काय?

बेळगावात मोठ्या रुग्णालयात पोचल्या पोचल्या पोराला आत नेलं. मी शहरातच राहतो, त्यामुळं आधीच दारात उभा होतो. काउंटरवरच्या मुलानं कागदांची चळत पुढं सरकवली. पेन्सिलीनं सात ठिकाणी फुल्या मारलेल्या. एकेका फुलीवर बोट ठेवून तो म्हणत होता, "इल्ली सही माडी." इथं सही करा. एवढं कन्नड सीमाभागात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. माझी शाळा मराठी, पण नोकरी सगळी कन्नडात. मला कन्नड वाचायला काही अडचण नाही. मी म्हणालो, "कर की सही, नेहमीचंच असतंय." तिनं केली. सातव्या फुलीचा कागद व्हेंटिलेटरचा नव्हता, रक्ताचा नव्हता, पैशाचाही नव्हता. रुग्णाची छायाचित्रं आणि चित्रफीत शैक्षणिक व प्रसिद्धीच्या कामासाठी वापरायला आमची हरकत नाही, असा तो कागद होता. मला वाचता येत होता आणि मी तो वाचला नाही.

पोरगं वाचलं. सर्पदंशाच्या इंजेक्शनच्या एकामागून एक कुप्या, तीन दिवस व्हेंटिलेटर, नवव्या दिवशी घरी. त्या डॉक्टरांचे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत असं बहीण अजून म्हणते, आणि मला त्यात एक अक्षर कमी करायचं नाही. पण तीन-चार महिन्यांनी मोबाइलवर एक चित्रफीत फिरत फिरत गावात आली. पोराच्या चेहऱ्यावर धूसर चौकोन. मागं गंभीर संगीत. कन्नड निवेदक सांगतोय की खानापूरच्या जंगलातल्या एका खेड्यातलं कुटुंब अंगारे-धुपाऱ्यांच्या नादात मोलाचा वेळ घालवून बसलं होतं, आणि तरीही आमच्या तज्ज्ञांनी मुलाला मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं. चौकोन फक्त पोराच्या तोंडावर होता. दाजींचा खाकरत बोलायचा आवाज तसाच. बहिणीच्या हातातली निळी पिशवी तशीच. गावानं पहिल्या दहा सेकंदांत ओळखलं. आजोबा पुढं दोन वर्षं जगले. देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं मात्र त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

हे सगळं आत्ता काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या वाचनालयाच्या कट्ट्यावर मध्यंतरी एक विषय निघाला. इंग्लंडात मुलांच्या रुग्णालयात महिनोन् महिने कॅमेरा ठेवून माहितीपट मालिका करतात. तसं आपल्याकडं, आपल्या भागात कुणी केलं तर? मंडळींना वाटलं, भाच्याचं झालेलं बघता मी पहिला विरोध करीन. मी म्हणालो, करायला पाहिजे. मात्र ती सही कशी घ्यायची ते आधी ठरवा आणि कॅमेऱ्याची पेटी मग उघडा.

करायला पाहिजे असं का म्हणतो ते सांगतो. बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या विभागाबाहेरचं बाकडं बघा. त्यावर खानापूरची बाई, शेजारी चंदगडहून घाट नसलेल्या सोयीच्या रस्त्यानं आलेलं जोडपं, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. पलीकडं गोकाकची कन्नड आजी, चोर्ला घाट चढून गोव्याकडून आलेलं कोकणी कुटुंब, कोपऱ्यात उर्दूत कुजबुजणारे नवरा-बायको. चार भाषा आणि एकच प्रश्न, आतून कोण बाहेर येतंय. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका लेकरू मांडीवर घेऊन काम करतात, ऊसतोडीच्या दिवसांत फडावरची पोरं तापानं फणफणून येतात. या लेकरांचं रुग्णालयात पुढं काय होतं, हे बाकड्यावर बसलेल्या माणसालाच कळत नाही, तर घरी बसलेल्याला काय कळणार! आपल्याला रुग्णालयाची दोनच चित्रं माहीत. एक लुटारूंचं आणि एक देवदूतांचं. मधल्या रात्री कुणी बघितलेल्याच नाहीत. कावीळ झालेलं दोन दिवसांचं बाळ निळ्या उजेडाखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेलं असतं, आई काचेबाहेर उभी राहून आपल्या डोळ्यांवर हात ठेवून बघते की त्याला कसं दिसत असेल. मराठीचा गंध नसलेली सिस्टर तिसऱ्या दिवशी "दुखतंय का रे?" एवढं अगदी आपल्या हेलात विचारायला शिकते. हे लोकांनी बघितलं पाहिजे. बघितलं तर डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारे दोन हात कदाचित थांबतील. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला कर्नाटकात २००९ चा कायदा आहे. कायद्यानं हात थांबले असते तर वॉर्डाबाहेर पहारेकरी लागले नसते.

पण आपल्याकडचा कॅमेरा मुलांच्या वॉर्डात शिरतो तो कसा? एक तर आकांत झाला की. जून २०१९ मध्ये मुझफ्फरपुरात मेंदूज्वरानं शंभराहून जास्त मुलं दगावली, तेव्हा वृत्तवाहिनीची माणसं माइक घेऊन थेट अतिदक्षता विभागात घुसली आणि खाटांवर आजारी लेकरं असताना डॉक्टर-नर्सना जाब विचारत राहिली. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. ओल्या बाळंतिणींच्या तोंडापुढं धरलेले माइक आपण सगळ्यांनी बघितले.

नाहीतर पैसे हवे असले की. मोबाइलवर एखादं भजन लावावं, तर आधी जाहिरात येते: नळ्या लावलेलं बाळ, रडणारी आई, खाली आकडा. त्याच २०२१ साली मुंबईतल्या पाच महिन्यांच्या एका मुलीसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची लोकवर्गणी झाली, केंद्र सरकारनं त्यावरचा सुमारे सहा कोटींचा कर माफ केला, आणि देशभर लोकांना कळलं की असाही एक आजार असतो. ती वर्गणी मीही भरली. आईबापांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पोरासाठी माणूस भर चौकात उघडा होईल. प्रश्न त्यांना उघडं व्हायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे. मुलाचा चेहरा हेच जिथं चलन झालं, तिथं ज्याचं पोर दिसायला गोजिरं त्याला जास्त मिळणार, आणि सावळ्या, ओठ फाटलेल्या, कॅमेऱ्याकडं न बघणाऱ्या पोराला कमी. हे बोलायला वाईट वाटतं. ते तसंच चालतं.

तिसरा मार्ग आमच्या वाट्याला आला तो. यशोगाथा.

म्हणून लांबलचक, सावकाश मालिका मला बरी वाटते. बीबीसीनं १९९० च्या दशकापासून मुलांच्या रुग्णालयांत ठाण मांडून अशा मालिका केल्या. २०१० मध्ये त्यांनी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात केली. १८५२ साली दहा खाटांवर सुरू झालेलं ते रुग्णालय. उपचार पुढं न्यायचे की आता थांबायचं, यावर मोठमोठे डॉक्टर एका टेबलाभोवती बसून अडखळत बोलतात, ते तिथं लोकांनी बघितलं. निवेदक कुणाला मृत्यूच्या दाढेतून ओढत नाही. काही मुलं वाचतात, काही वाचत नाहीत.

आणि तिथं नियम आहेत. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमच्या संहितेत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. अठरा वर्षांखालच्या मुलाचं शरीर-मन आणि त्याची प्रतिष्ठा जपण्याची जबाबदारी कार्यक्रम करणाऱ्यावर राहते, पालकांनी संमती दिली असली तरीही. म्हणजे आईच्या सहीमागं वाहिनीला लपता येत नाही. आणि रुग्णालयासारख्या नाजूक जागी चित्रीकरणाआधी एक संमती आणि प्रसारणासाठी वेगळी दुसरी संमती, असा तिथला शिरस्ता आहे. हे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे सगळं काही आहे. पोराचा श्वास अडकला असताना दिलेला होकार आणि पोरगं अंगणात खेळत असताना दिलेला होकार, या दोन्ही सह्या एकाच बाईच्या असल्या तरी सही करणारी बाई एक नसते.

चेहरा धूसर केला की भागलं, असं आपल्याकडं सर्रास मानतात. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली अपघातात जखमी झालेल्या एका वृद्धाच्या अखेरच्या घटका रुग्णालयातल्या एका टीव्ही मालिकेसाठी टिपल्या गेल्या, घरच्यांना न विचारता. पुढच्या वर्षी त्याची पत्नी घरी टीव्ही बघत बसली होती. चेहरा पुसलेला, आवाज बदललेला. तरी तिनं नवऱ्याला ओळखलं. २०१६ मध्ये त्या मालिकेतल्या चित्रीकरणापायी रुग्णालयाला सरकारकडं २२ लाख डॉलर भरावे लागले. लाखोंच्या गर्दीच्या न्यूयॉर्कात धूसर चौकोन चालला नाही, तर दोनशे उंबऱ्यांच्या गावात कुठून चालणार? आमच्याकडं माणूस चपलांच्या आवाजावरून ओळखतात.

आता आपला कायदा बघा. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम म्हणतात की रुग्णाची ओळख पटेल अशी छायाचित्रं किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय वैद्यकीय वा अन्य नियतकालिकात छापू नये; ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही. या शेवटच्या अर्ध्या वाक्यातून बैलगाडी जाईल. ओळख कुणापुढं उघड व्हायची नाही? बंगळूरच्या प्रेक्षकापुढं की आमच्या देवळाच्या कट्ट्यापुढं? बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख झाकतं, पण ती गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित, साक्षीदार किंवा काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची. आईबापांच्या कुशीत आजारी पडलेलं साधंसुधं मूल त्यात बसत नाही. उलट औषधांवर संशोधन करायचं असेल तर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी होकार घ्या, बारा ते अठराचा लेखी. माझा भाचा आठ वर्षांचा होता. गोळीच्या प्रयोगासाठी त्याला विचारावं लागलं असतं, चित्रफितीसाठी नाही. गोळी एकदा पोटात जाते आणि निघून जाते. चित्रफीत कुठं जाते?

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं होतं की तपासणीला दिलेली संमती ही शस्त्रक्रियेला दिलेली संमती होत नाही. मग उपचाराच्या चळतीत खोचलेली सही प्रसिद्धीची संमती कशी होते? मी वकील नाही. पण काउंटरवरच्या त्या पोरानं सात फुल्यांवर एकाच सुरात बोट ठेवलं होतं. एका सुरात मागितलेल्या सात सह्यांना सात संमती म्हणू नका.

भाषेचं बोलल्याशिवाय सीमाभागात कुठलाच लेख पुरा होत नाही, हे मला ठाऊक आहे. इथं औषधपाण्यावरूनही दोन सरकारं भांडतात. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमेवरच्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तर कर्नाटकानं त्याला हरकत घेतली. रुग्णाला कार्डाशी मतलब, आणि इथं कार्डाचाच झेंडा होतो. तेव्हा मराठीत संमतीपत्र मागितलं की काही जणांच्या कपाळाला आठी पडेल, हे गृहीत धरूनच लिहितो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात सोपी सोय आहे. संमती मागायची ती स्वच्छ, साध्या भाषेत, आणि इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय देऊन. मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू, त्या बाकड्यावरच्या चारही भाषा अनुसूचीत आहेत. दिलेली संमती मागं घेता येते, आणि मागं घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असंही तो कायदा म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. मालिका करणाऱ्यानं तोवर थांबायचं कारण नाही. चांगलं वागायला कुणाच्या अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही.

आणि ही मागणी मराठीपुरती नाही. जत, अक्कलकोटच्या कन्नड घरातली आई मिरजेला किंवा सोलापूरला लेकरू घेऊन जाते, तेव्हा तिच्यापुढं मराठी कागद येतो आणि तिथला पोरगा म्हणतो, "इथं सही करा." तिचंही बोट तसंच थरथरतं. तिकडं कन्नड कागद मिळावा असं म्हणायला माझी जीभ अडखळत असेल, तर इकडं मराठी कागद मागायचा मला अधिकार नाही.

पण भाषेवर सगळं ढकलून मोकळं होणं मला जमणार नाही. कारण आमच्या बाबतीत भाषेची अडचण नव्हतीच. कन्नड वाचणारा मी तिथं उभा होतो. अडचण भीतीची होती. ज्या दारामागं आपलं पोर आहे, त्या दारावर बसलेल्या माणसाला नाही म्हणायचं कसं? नाही म्हटलं तर उपचारात हयगय होईल, असं कुणी म्हणालं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. म्हणून माझा आग्रह आहे की संमती मागणारा माणूस रुग्णालयाचा नसावा, त्याच्या गळ्यात रुग्णालयाची पट्टी नसावी, आणि तो काउंटरवर तर मुळीच नसावा. पोरगं धोक्याबाहेर गेल्यावर त्यानं यावं, कागद घरच्या भाषेत वाचून दाखवावा, चहा प्यावा आणि सही न घेता परत जावं. दुसऱ्या दिवशी परत यावं. नाही म्हणालेल्या घरांची नावं डॉक्टरांना कळूच नयेत. प्रसारणाआधी तो भाग घरच्यांना दाखवावा. आणि मूल अठराचं झालं की त्याला तिसऱ्यांदा विचारावं. तो नको म्हणाला तर काढावं.

असं केलं तर मालिका होणारच नाही, असं एक दूरचित्रवाणीवाले स्नेही मला म्हणाले. निम्मे लोक नाही म्हणतील, बजेट कोसळेल. म्हणू देत की. निम्मे लोक नाही म्हणतात म्हणजे उरलेल्या निम्म्यांच्या होकाराला काहीतरी अर्थ आला. शंभरातले शंभर होय म्हणतात, तिथं कुणाला विचारलेलंच नसतं. दुसरा आक्षेप असा की आईबापांना मुलाचं हित कळतं, त्यांच्यावर वर तिसरा कोण? कळतं ना. माझ्या बहिणीला कळत होतं. त्या सकाळी तिच्या लेखी पोराचं हित म्हणजे पोराचा श्वास, बस्स. सतरा वर्षांच्या पोराला वर्गात काय म्हणतील, हे तिनं तेव्हा कुठून आणायचं?

काय म्हणतात ते सांगतो. हायस्कूलला गेल्यावर कुणीतरी ती चित्रफीत शोधून काढली. तेव्हापासून त्याचं नाव मण्यार. मास्तरसुद्धा एकदा चुकून म्हणाले. पोरगं हसऱ्या स्वभावाचं आहे, त्यानं ते नाव अंगावर घेतलं, क्रिकेटच्या जर्सीवर छापूनही घेतलं. मला वाटलं, मिटलं. यंदा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला गेला आणि एके दिवशी जेवताना म्हणाला, "मामा, माझं नाव घेतात त्याचं काय नाही. पण त्यात आजोबांबद्दल खोटं बोललेत. आजोबांनी कुठं वेळ घालवला? गाडीच नव्हती. ते कोण काढणार?"

मी रुग्णालयात जाऊन आलो. माणसं सभ्यपणे बोलली. चित्रफीत जुनी आहे, तो विभाग बघणारे साहेब सोडून गेलेत, लेखी अर्ज द्या, कन्नडात किंवा इंग्रजीत. सोबत मूळ संमतीपत्राची प्रत जोडा. ती प्रत आम्हाला कधी दिलीच नव्हती, असं मी म्हणालो. तर ते म्हणाले, मग ती मागण्याचा वेगळा अर्ज करा.

दोन्ही अर्ज भाच्यानंच लिहिलेत. मी कन्नडात लिहून देतो म्हटलं, तर नको म्हणाला. मराठीत लिहिले, स्वच्छ अक्षरात, दीड पान. पापण्या, ओढा, गाडी, अंगारा, सगळं क्रमानं आहे त्यात. खाली त्याला स्वतःचं नाव घालायचं होतं. तो अजून अठराचा नाही, म्हणून सही परत त्याच्या आईनंच करायची आहे. या वेळी तिनं अर्ज दोन दिवस घरात ठेवून घेतलाय. वाचतेय.